औषध फुकट, पण गाडीभाडं?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते, की आजारी माणसाला रेल्वेत आणि एसटीत सवलत मिळते. त्या एका ओळीवर गठ्ठाभर पत्रं आली. कोणाला, किती, कुठल्या कागदावर? चूक माझीच. असली गोष्ट अर्धवट सांगितली की माणूस खिडकीवर जाऊन अपमान करून घेतो. म्हणून हा महिना सगळा प्रवासखर्चाच्या पत्रांना.

सरकारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी एकोणतीस वर्षं काढली. सुरुवातीला मी रुग्णाला विचारायची, "गोळ्या वेळेवर घेता ना?" सगळे हो म्हणायचे. एक बाई मात्र फटकन म्हणाल्या, "गोळ्या फुकट आहेत हो बाई, पण त्या न्यायला यायचं तर त्या दिवसाचा रोज बुडतो आणि वर जीपवाल्याला द्यावे लागतात." तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला : "आज कशाने आलात?" उपचार मध्येच सुटण्याचं कारण त्या उत्तरात किती वेळा सापडलं, याला गणती नाही.

यजमान ५८ वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी जातो. उपचाराला पैसे पडत नाहीत, पण जीपने दोघांचे जाऊन-येऊन २४० रुपये होतात. दोन म्हशींच्या दुधावर घर आहे. गाडीभाड्यासाठी काही मदत मिळते का, ताई? — एक वाचक, सोलापूर जिल्हा

तुमचं पत्र वाचून आधी हिशोब मांडला. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ खेपा. २४० रुपयांनी ३७,४४० होतात. एका म्हशीचं दूध तो जीपवालाच पितोय म्हणायचं.

डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे. सिकलसेल, हिमोफिलिया आणि एचआयव्ही असलेल्यांनाही ती आहे. आणि तुम्हाला स्वतःला, महिला म्हणून, १७ मार्च २०२३ पासून, आजार असो वा नसो, अर्धंच तिकीट पडतं. ते तुम्ही हिशोबात धरलेलंच दिसत नाही. म्हणजे एसटीने गेलात तर खर्च उरतो तो तुमच्या अर्ध्या तिकिटाचा.

दाखला आणायला थेट डॉक्टरांकडे धावू नका. आधी आगारात जा, सवलतीच्या खिडकीवर विचारा, की दाखला कुठल्या नमुन्यात आणि कोणाच्या सहीचा लागतो. तो नमुना हातात घेऊन मग रुग्णालयात जा. उलट क्रमाने गेलेल्यांचे तीन-तीन हेलपाटे मी पाहिलेत.

आता तुम्ही म्हणाल, ताई, एसटीची वेळ जुळली असती तर जीप कशाला केली असती? बरोबर आहे. खरी मेख तिथेच आहे. पण डायलिसिस केंद्रात दिवसाला दोन-तीन पाळ्या चालतात. एक बैठक साधारण चार तासांची. तुमच्या गावाहून सकाळची गाडी किती वाजता आणि परतीची शेवटची किती वाजता, हे कागदावर लिहून केंद्रातल्या तंत्रज्ञाला दाखवा आणि पाळी बदलून मागा. ही मंडळी मनाने वाईट नसतात, त्यांना फक्त तुमच्या गाडीची वेळ माहीत नसते. जागा रिकामी नसेल तर यादीत नाव घाला. दरम्यान, त्याच पाळीला तुमच्या वाटेवरचा आणखी कोण येतो ते बघा. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांत हमखास एखादा निघतो. दोन घरांत एक जीप झाली तरी भाडं निम्म्यावर येतं.

दुसरं म्हणजे अंतरच कमी होतंय का बघा. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली सुरू झाला. तेव्हापासून जिल्हा रुग्णालयांत आणि पुढे काही उपजिल्हा रुग्णालयांतही यंत्रं आली. तुम्ही उपचार सुरू केलेत तेव्हा जवळ केंद्र नसेल, आज असू शकेल. सहा महिन्यांतून एकदा हा प्रश्न विचारत राहा.

तिसरी गोष्ट डॉक्टरांशीच बोलण्याची. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस असतं. द्रवाच्या पिशव्या घरी ठेवायच्या, शिकवल्याप्रमाणे रोज बदलायच्या, केंद्रात अधूनमधूनच जायचं. सगळ्यांना ते चालत नाही. घरात एक स्वच्छ कोपरा आणि हात धुण्याची काटेकोर शिस्त लागते, नाहीतर पोटात जंतू शिरतात. पण ज्याला जमतं त्याचं आयुष्य गाडीच्या वेळापत्रकातून सुटतं. निदान विचारा तरी.

आणि १०८ ला फोन करा, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. ती गाडी जीव धोक्यात असेल तेव्हाची. ठरलेल्या दिवशीच्या डायलिसिसला ती अडकली, तर त्याच वेळी कोणाचा तरी अपघात झालेला असतो.

आईला कर्करोग आहे. लातूरहून परळला टाटा रुग्णालयात दर तीन आठवड्यांनी न्यावं लागतं. ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मागितली तर खिडकीवर म्हणाले, ती बंद झाली. मग सवलत आहे की नाही? — एक वाचक, लातूर

दोन्ही खरं आहे. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने २० मार्च २०२० पासून थांबवली. रुग्णांची मात्र चालू ठेवली. तुम्ही चुकीच्या दाराची कडी वाजवलीत, एवढंच.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना शयनयान आणि वातानुकूलित तीन-टियर या वर्गांत मूळ भाडं पूर्ण माफ आहे. सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत. साध्या दुसऱ्या वर्गात मात्र रुग्णालाही ७५ टक्केच. म्हणजे बाकड्यावर बसून जाण्यापेक्षा झोपून जाणं स्वस्त. रेल्वेच्या हिशोबात आजाऱ्याच्या सोयीची अशी गोष्ट क्वचितच सापडते, तिचा फायदा घ्या. टू-टियरला गेलात तर ५० टक्के.

सवलत मूळ भाड्यावर असते. आरक्षणाचा आणि सुपरफास्टचा आकार वेगळा द्यावा लागतो, तेव्हा "माफ आहे ना, मग पैसे कसले?" म्हणून भांडू नका. तत्काळमध्ये सवलत नाही. गाडीत चढल्यावर तिकीट तपासनिसाला कागद दाखवून ती मिळवता येत नाही. आरक्षण खिडकीवर कागद देऊनच तिकीट काढायचं. मुलाने मोबाईलवर घाईघाईने काढून ठेवलेल्या तिकिटावर नंतर काहीही होत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

कागद म्हणजे रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र. त्यावर कुठून कुठे जायचं ती स्थानकं लिहिलेली असतात. इथे माझीच फजिती सांगते. माझ्या मोठ्या बहिणीला घेऊन जायचं होतं. आयुष्यभर लोकांचे हे कागद भरून दिलेली मी बाई, आणि घरच्या कागदावर डॉक्टरांची सही होती पण नाव आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्काच नव्हता. खिडकीवरच्या माणसाने तो शांतपणे परत सरकवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही पूर्ण भाडं भरून गेलो आणि बहीण अख्खा रस्ता मला हसत होती. तेव्हा टेबलावरून उठण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी बघा : सही, डॉक्टरांच्या नावाचा शिक्का, रुग्णालयाचा शिक्का. पुढच्या खेपेचा कागद ह्या खेपेलाच मागून ठेवा.

एक मात्र विचारते. किरणोपचार सुरू होणार आहेत का? ते बहुधा आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. तेव्हा लातूर-मुंबई करण्यात अर्थ नाही, मुंबईत राहण्याचीच सोय बघावी लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन नावं आमच्या विभागात सगळ्यांना पाठ असायची. रुग्णालयातल्या समाजसेवकांकडून चिठ्ठी घ्या आणि उपचाराची तारीख मिळाली की त्याच दिवशी चौकशी करा, कारण जागेसाठी रांग असते. लोकलने जायची वेळ आलीच तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येतं. आईचा कागद जवळ ठेवा. त्या डब्यात धडधाकट माणसं बसलेली असतात आणि जागा मागताना तुम्हालाच अपराधी वाटायला लावतात.

वडिलांची बायपास महात्मा फुले योजनेतून नाशिकला झाली. खर्च काही आला नाही, पण धुळ्याला घरी आणायला खासगी गाडीला साडेचार हजार गेले. ते परत मिळतील का? — एक वाचक, धुळे

साडेचार हजार नाही मिळणार. पण योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णालयातून घरी परत जायचं एकदाचं भाडं धरलेलं असतं, एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं. रक्कम लहान असते आणि ती घरी जाण्याआधी मागायची असते. रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला डिस्चार्जच्या दिवशी विचारायचं. मी असताना दहांतले नऊजण विचारत नसत, कारण ते आहे हेच ठाऊक नसे. आता तक्रार करायची तर १५५३८८ वर करून बघा. पण बायपासच्या टाक्यांसकट माणसाला एसटीत बसवलं नाहीत, हे बरंच केलंत.

रेल्वेचं म्हणाल तर हृदयरुग्णाला सवलत ७५ टक्के आहे, पण ती शस्त्रक्रियेसाठीच्या प्रवासाला. पुढच्या तपासण्यांना ती धरू नका. वडील पासष्टच्या पुढे असतील तर तपासणीला एसटीने न्या, अर्धं तिकीट. पंचाहत्तर पूर्ण असतील तर फुकट.

सुनेचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात आहे. न्यायला गाडी मिळते म्हणतात. आणायला पण मिळते का? — एक वाचक, बीड जिल्हा

मिळते. घरून दवाखान्यात, तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर तिकडे, आणि बाळाला घेऊन परत घरी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून हे आहे. १०२ ला फोन करा. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर त्यालाही लागू आहे. ड्रायव्हरने "चहापाणी" मागितलं तर देऊ नका. आशाताईंचा नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये आत्ताच घालून ठेवा.

नाव छापू नका. मी एआरटी केंद्रातून एचआयव्हीच्या गोळ्या घेते. एसटीत फुकट जाता येतं हे माहीत आहे. पण कंडक्टर कागद हातात घेऊन वाचतो, शेजारचे मान वळवतात. गाडीत गावातलं कोणी ना कोणी असतंच. मी पूर्ण पैसे देते. हे मूर्खपणाचं आहे का? — एक वाचक

नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांतही कितीतरी जणी असंच करायच्या आणि मी एकीशीही वाद घातला नाही. सवलत तुमच्यासाठी आहे, तुम्ही सवलतीसाठी नाही. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा सांगतो, की तुमच्या संमतीशिवाय तुमचा आजार कोणी उघड करू नये. कायदा चांगला आहे, पण भरलेल्या गाडीत तो मागच्या बाकावर बसलेला असतो.

पण तुम्ही पूर्ण पैसे का देता? तुम्ही बाई आहात. अर्धं तिकीट तुम्हाला कसलाही कागद न दाखवता मिळतं, आजाराचं नाव न घेता. नुसतं "एक महिला" म्हणायचं. रेल्वेत एआरटी केंद्राला जायला दुसऱ्या वर्गात ५० टक्के आहे. तो कागद खिडकीवर एकदाच दाखवायचा असतो, डब्यात चारचौघांत नाही, म्हणून तो काहींना सोपा जातो. तुमच्या मार्गावर रेल्वे असेल तर विचार करा.

त्याहून मोठी बचत केंद्रातच आहे. तब्येत स्थिर असेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतात. म्हणजे वर्षाच्या बारा खेपांच्या चार-सहा होतील. तुमच्या तालुक्याजवळ लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मोठ्या केंद्राला जोडलेलं छोटं केंद्र, असेल तर गोळ्या तिथूनही मिळू शकतात. पण थांबा, तुम्हाला कदाचित ते नकोच असेल. जवळचं केंद्र म्हणजे ओळखीची माणसं. माझी एक रुग्ण मुद्दाम दोन जिल्हे ओलांडून यायची आणि त्या लांबच्या प्रवासात तिला मोकळं वाटायचं. म्हणून जवळच जा असं मी सांगणार नाही. समुपदेशकाला एवढंच म्हणा : "मला इथेच यायचंय, पण कमी वेळा." पुढच्या तारखेला गोळ्यांचे डबे जास्त मिळतील, तेव्हा पिशवी जरा मोठी न्या.