ओटमील कुकीज: आधी पोळी, मग दगड

तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी कुकीज पसरून ट्रेभर एकच पोळी झाली, म्हणून पुढच्या वेळी पीठ वाढवलंत, तर दगड झाले. घरात ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, अंडं चालत नाही, आणि कृती सोपी हवी. मला वाटतं तुमचं प्रमाण फारसं चुकलं नसावं. पहिल्या वेळी बटर फार पातळ झालं असणार आणि दुसऱ्या वेळी ट्रे उशिरा बाहेर आला असणार. मी दहा-बारा वर्षं या कुकीज करतेय आणि ही दोन्ही संकटं माझ्याकडे पाहुण्यांच्या देखत येऊन गेली आहेत.

आधी ओट्स कुठले ते बघा. पोह्यांचं उदाहरण घ्या. रोल्ड ओट्स म्हणजे जाड पोहे, आणि तीन मिनिटांत शिजणारे म्हणजे पातळ पोहे. आपल्याकडच्या दुकानात बहुतेक पाकिटं या दुसऱ्या प्रकारची असतात. कुकीज दोन्हींच्या होतात. जाड ओट्सच्या कुकीला दाताखाली चावा येतो, पातळ ओट्सची जरा नानकटाईकडे झुकते. स्टील कट मात्र नकोत, त्या कण्या कच्च्याच लागतात. मसाला ओट्सबद्दल बोलायलाच नको (एकीने केल्या होत्या, हिंगाचा वास दोन दिवस ओव्हनमधून गेला नाही).

माझं प्रमाण वजनात देते. वाटीचा भरवसा मी सोडलाय. एकदा एकाच वाटीने कणीक दोनदा मोजली, एकदा हलक्या हाताने भरून आणि एकदा डब्यात वाटी खुपसून. दोन्हींत पंचवीस ग्रॅमचा फरक आला. शंभर ग्रॅमच्या कृतीत तो पाव हिस्सा झाला की! पीठ अंदाजाने वाढवलं की दगड होतात ते यामुळेही.

बटर १०० ग्रॅम (छोटं पाकीट पूर्ण), गुळाची पावडर किंवा ब्राऊन शुगर ६० ग्रॅम, साधी साखर ३० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, ओट्स १०० ग्रॅम, खायचा सोडा पाव टीस्पून, दालचिनी पूड अर्धा टीस्पून, दूध २ टेबलस्पून, मनुका आणि अक्रोड मिळून ५० ग्रॅम. बटर खारं असेल तर वेगळं मीठ घालू नका. एवढ्यात वीसेक कुकीज होतात.

गूळ किसून घालणार असाल तर गाठी अजिबात राहू देऊ नका, भाजताना त्या वितळतात आणि कुकीला भोकं पडतात. चिकीचा गूळ वापरू नका. सगळीच साखर घातली तर कुकी जास्त पसरते आणि कडक होते. गूळ ओल धरून ठेवतो, म्हणून मधला भाग मऊ राहतो. शिवाय सोड्याला काम करायला थोडा आंबटपणा लागतो, तो गुळात असतो.

ओट्स आधी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता, चिवड्याचे पोहे परततो तसे. हे केलं नाही तरी कुकीज होतात, पण मग चव पुठ्ठ्याची लागते असं माझं ठाम मत आहे. परतून झाले की ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम ओट्स बटरमध्ये पडले की पहिल्या दिवशीची पोळी परत तयार.

बटर कसं हवं? बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण बोट तुपकट होऊन आत घसरू नये. उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं बटर वीस मिनिटांत या टप्प्याच्या पुढे जातं. वितळलेलं बटर वापरलं तर ओव्हनची धग लागताच ते वाहायला लागतं, आणि कणीक धरायच्या आत कुकी पसरून मोकळी होते. बटर, गूळ आणि साखर रवीने किंवा लाकडी चमच्याने तीन-चार मिनिटं फेसा, रंग उजळेपर्यंत. मग दूध. कणकेत सोडा आणि दालचिनी चाळून घाला, वर ओट्स, मनुका, अक्रोड. आता हात आवरायचा! हे पोळ्यांचं पीठ नाही, मळायचं नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. मळलं की चिवट होतं.

मिश्रण चिकट वाटेल. इथेच बहुतेक जण मूठभर कणीक जास्त टाकतात, तुम्हीही बहुधा तेच केलंत. त्याऐवजी झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओट्स पाणी पितात पण सावकाश, आणि तेवढ्या वेळात बटरही घट्ट होतं. अर्ध्या तासाने तेच मिश्रण हाताला न चिकटता वळता येतं.

लिंबाएवढे गोळे करून बटर पेपरवर दोन-दोन बोटं अंतराने ठेवा आणि वाटीच्या बुडाने अर्ध्या इंचापर्यंत दाबा. अंडं नसल्यामुळे या आपणहून कमी पसरतात, म्हणून दाबणं आवश्यक. ओव्हन १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा, दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खणात. लहान ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यांवर मात्र फार विश्वास नको. मी आत ठेवायचा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझा १७० म्हणजे खरा १९५ होता. कितीतरी वर्षं मी कृतींनाच दोष देत होते.

आता वेळ. लहानपणी दिवाळीच्या आधी आम्ही तूप, साखर, मैदा, रवा घेऊन गल्लीतल्या बेकरीत नानकटाई करून घ्यायला जायचो. भट्टीवाले काका ट्रे बाहेर काढायचे तेव्हा नानकटाई पांढरीफटक दिसायची. आई म्हणायची, कच्ची आहे. ते म्हणायचे, हात लावू नका, गार होऊ द्या. आणि डबा भरेपर्यंत ती बरोबर खुसखुशीत झालेली असायची. ओटमील कुकीलाही तोच न्याय. बारा मिनिटांनी डोकावून बघा. कडा तांबूस आणि मधला भाग अजून ओलसर, फुगीर दिसला की काढायचं. तेरा-चौदाच्या पुढे सहसा लागत नाही. बोट लावाल तर खड्डा पडेल, उचलायला जाल तर तुटेल. तरीही काढायचं. तापलेल्या ट्रेवर ती आणखी पाच-सात मिनिटं आतून होत राहते. ओव्हनमध्येच कडक होण्याची वाट बघितली, तर गार झाल्यावर अडकित्ता लागेल.

दुसरा घाणा लावताना ट्रे गार करून घ्या. गरम ट्रेवर गोळे मांडले की बटर ओव्हनमध्ये जायच्या आतच सुटतं. पहिला घाणा छान आणि दुसऱ्याची पोळी, असं झालं तर कारण हेच.

बटरऐवजी तूप चालतं का, हे पुढे कोणीतरी विचारेलच. चालतं, पण ८० ग्रॅम घ्या, कारण बटरमध्ये थोडं पाणी असतं आणि तुपात जवळपास नसतं. तूप थिजलेलं हवं, दूध चमचाभर वाढवा आणि चिमूटभर मीठ घाला. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ आणि वर स्टँड ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवा आणि ताटलीत पाच-सहा कुकीज मध्यम-मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटं ठेवा. खालून लाल होतात, वरून फिकट राहतात, चवीला उत्तम. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच (गरम हवेने भाजणाऱ्या मोडवर) करा, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर नको.

आणि ओट्स आहेत म्हणून पौष्टिक समजून सासऱ्यांना मधुमेहात रोज चार देऊ नका. यात गूळ, साखर आणि बटर मिळून १९० ग्रॅम आहे, वर स्वतः मोजलंत. गूळ घातल्याने काही माफ होत नाही.

पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर वाफेने सादळतात. पावसाळ्यात तशाही सादळतातच. मग १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवून गार केल्या की परत ठीक होतात. मी हल्ली एका वेळी आठच भाजते. उरलेले गोळे दाबून, ताटलीत सुटे गोठवून पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकते. महिनाभर चांगले राहतात, आणि लागतील तेव्हा न वितळवता थेट ओव्हनमध्ये, फक्त दोन मिनिटं जास्त.