वाचकांचे प्रश्न : वयाची अट आणि माओरी

प्रश्न : करोनाची साथ न्यूझीलंडने उत्तम हाताळली, असे आपण सर्वांनीच वाचले होते. तरीही लसीकरणात तिथल्या मूळ रहिवासी माओरींवर अन्याय झाला, असा ठपका माओरींच्या सरकारविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या वैतांगी न्यायाधिकरणाने सरकारवर ठेवल्याचे नुकतेच वाचनात आले. लस मोफत होती आणि आधी ज्येष्ठांना, मग तरुणांना हा नियम सर्वांना सारखाच होता. मग अन्याय कसला?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नियम सारखा होता, पण ज्यांना तो लागू केला त्यांची वये सारखी नव्हती. न्यूझीलंडमधील युरोपीय वंशाच्या लोकांचे मध्यक वय (म्हणजे निम्मे लोक ज्याहून लहान असतात ते वय) चाळिशीच्या पुढे आहे, तर माओरींचे पंचविशीच्या आसपास. त्यामुळे 2021 मध्ये साठीपुढच्यांपासून लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा माओरी समाजातील फारच थोडे लोक रांगेच्या पुढच्या भागात आले. मधुमेह, हृदयविकार आणि दमा माओरींना तुलनेने कमी वयात गाठतात, एकेका घरात माणसे दाटीने राहतात आणि सरासरी आयुर्मानही सुमारे सात वर्षांनी कमी आहे. म्हणजे साठीच्या गोऱ्या माणसाला करोनाचा जेवढा धोका होता, तेवढा माओरी माणसाला त्याच्या कितीतरी आधीच होता. हे ध्यानात घेऊन माओरींसाठी वयाची अट खाली आणावी, असा सल्ला खुद्द आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी दिला होता. मंत्रिमंडळाने तो फेटाळला.

ऑगस्ट 2021 मध्ये डेल्टाचा उद्रेक झाला तेव्हा माओरींचे लसीकरण मागे पडलेले होते आणि पुढे बाधितांमध्ये त्यांचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्याच्या कितीतरी पट झाले. सरकार निर्बंध सैल करण्याच्या घाईत असताना न्यायाधिकरणाने तातडीची सुनावणी घेतली आणि डिसेंबर 2021 च्या अहवालात, ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेल्या 1840 च्या वैतांगी कराराने माओरींच्या संरक्षणाची जी जबाबदारी राजसत्तेवर येते तिचा भंग झाला आहे, असे स्पष्ट म्हटले. अर्थात या न्यायाधिकरणाच्या शिफारशी बहुतेक वेळा सरकारवर बंधनकारक नसतात, हेही सांगायला हवे.

याच काळातील एक प्रकरण मला जास्त बोलके वाटते. फानाउ ओरा ही माओरी कुटुंबांपर्यंत सेवा पोहोचवणारी यंत्रणा घरोघर जाऊन लस द्यायला तयार होती, पण लस न घेतलेल्या माओरींची नावे व पत्ते द्यायला आरोग्य मंत्रालय खासगीपणाच्या मुद्द्यावर राजी नव्हते. यंत्रणा उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने मंत्रालयाला निर्णयाचा फेरविचार करायला लावले. कार्यकर्ते आणि लस तयार असताना कोणते दार ठोठावायचे, हेच त्यांना सांगितले जात नव्हते.

माओरींच्या दृष्टीने हा अनुभव जुनाच आहे. 1918 च्या इन्फ्लुएंझात दर हजार माओरींमागे सुमारे 50 जण दगावले; युरोपीय वंशीयांच्या तुलनेत हे प्रमाण सात-आठ पट होते. वायकाटो भागातील नेत्या ते पुएआ हेरांगी यांनी तेव्हा पोरक्या झालेल्या सुमारे शंभर मुलांना आपल्या वस्तीत आणून सांभाळले. 2009 च्या स्वाइन फ्लूमध्येही माओरींचा मृत्युदर इतरांच्या अडीचपटीहून अधिक होता. तफावत घटली, पण संपली नाही, कारण वसाहतकाळात जमिनी गेल्यामुळे आलेले दारिद्र्य, कोंदट घरे आणि डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून अंगावर काढलेली दुखणी साथीच्या आधीही होती. (तिथे सरकारी रुग्णालय मोफत असले, तरी प्रौढांना नेहमीच्या डॉक्टरकडे सहसा पैसे मोजावे लागतात.)

आपल्याकडेही मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटासाठी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, तेव्हा शहरातील मंडळी गाड्या काढून ग्रामीण आणि आदिवासी भागांतील केंद्रांवर लस घेऊन आली. तो नियमही सर्वांना सारखाच होता.

प्रश्न : टाळेबंदीत काही माओरी जमातींनी रस्त्यांवर स्वतःची नाकी उभारली. लोकांना अडवण्याचा त्यांना काय अधिकार?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कायद्याच्या चौकटीत हा प्रश्न तेव्हा तिथल्या संसदेतही गाजला आणि विरोधकांनी जोरदार टीका केली. ते फानाउ आ आपानुई या जमातीने मार्च 2020 मध्ये आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर नाके बसवले, त्यामागे 1918 ची आठवण होती आणि मोठे रुग्णालय दूर असल्याची भीतीही. बऱ्याच ठिकाणी पोलीस या नाक्यांवर त्यांच्यासोबत उभे राहिले. अत्यावश्यक कामासाठी निघालेल्यांना सोडले जाई आणि सहलीला आलेल्यांना परत जायला सांगितले जाई. ज्यांच्या गावात व्हेंटिलेटर नाही, त्यांनी रोग वेशीबाहेरच थोपवायचा प्रयत्न करणे मला तरी गैर वाटत नाही.