अमेरिकेच्या लष्करी इतिहासातलं लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाच्या) लोकांचं योगदान शाळेत कसं शिकवावं?

दहावीच्या वर्गाला शौर्यपदकं मिळालेल्या लॅटिनो सैनिकांची यादी दिली तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी टेक्सासमध्ये इतिहास शिकवते. माझ्या मते नाही पुरणार. यादी पाठ होते आणि परीक्षा झाली की डोक्यातून जाते. एकच माणूस निवडा आणि त्याला दोन तास द्या.

मी फेलिक्स लाँगोरिया घेते. थ्री रिव्हर्स या टेक्सासमधल्या छोट्या गावचा हा मेक्सिकन वंशाचा सैनिक जून १९४५ मध्ये फिलिपाइन्समध्ये मारला गेला. त्याचे अवशेष गावी आणायची वेळ आली तोवर १९४९ उजाडलं होतं. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या स्थानिक व्यावसायिकाने प्रार्थनागृह द्यायला नकार दिला. गोऱ्यांना आवडणार नाही, म्हणाला. दफनभूमीतही मेक्सिकन लोकांचा भाग काटेरी तारेने वेगळा केलेला होता.

कॉर्पस क्रिस्टीचे डॉ. हेक्टर गार्सिया स्वतः माजी सैनिक. त्यांनी सिनेटर लिंडन जॉन्सन यांना तार केली. जॉन्सन यांची उत्तराची तार वर्गात मोठ्याने वाचून घ्या. काही लोकांचा पूर्वग्रह माणूस मेल्यावरही संपत नाही, याचा खेद तिच्यात आहे. १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लाँगोरियाचं आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत लष्करी इतमामात दफन झालं.

इथे थांबू नका. पुढे टेक्सासच्या विधिमंडळाने चौकशी समिती नेमली, आणि तिच्यातल्या बहुमताने भेदभाव झालाच नाही असं ठरवलं! निम्म्या वर्गाला समितीची बाजू मांडू द्या, निम्म्याला गार्सियांची. एरवी तोंड न उघडणारी मुलं यावर तावातावाने बोलतात.

वेळ उरला तर पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाची ६५वी इन्फन्ट्री (पायदळ) रेजिमेंट घ्या. कोरियन युद्धात तिचे नव्वदहून जास्त सैनिक कोर्टमार्शलमध्ये दोषी ठरले. त्याच रेजिमेंटला २०१६ मध्ये अमेरिकी संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, सुवर्णपदक मिळालं. दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवा. नुसतं पदक सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या लॅटिनो सैनिकांचे आकडे पुस्तकागणिक बदलतात, कारण मेक्सिकन वंशाच्या बहुतेकांची नोंद ‘गोरे’ म्हणूनच व्हायची. मुलं विचारतीलच, तेव्हा हे कारण सांगा.

वर्गातल्या कुणाचे आजोबा किंवा आजी सैन्यात असतील तर मुलाखत घ्यायला लावा. किमान ३० मिनिटांचं ध्वनिमुद्रण असेल तर ते लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या माजी सैनिकांच्या संग्रहाकडे पाठवता येतं.