मॉड्युलर फॉर्मचं विकलन केलं की तो मॉड्युलर राहत नाही, मग विकलन करायचंच कशाला?

तो मॉड्युलर राहत नाही हे खरं. पण तो कसा बिघडतो ते पाहा, त्यातच तुमचं उत्तर आहे.

मॉड्युलर फॉर्म फ म्हणजे संमिश्र चल झ चं असं फल, की झ च्या जागी (कझ+ख)/(गझ+घ) ठेवलं (क, ख, ग, घ पूर्णांक, कघ − खग = १) की त्याला फक्त (गझ+घ) चा व-वा घात गुणक म्हणून लागतो; व हे त्याचं वजन. विकलन करताना या घाताचंही विकलन होतं आणि एक जास्तीचं पद मागे उरतं. त्या पदात मूळ फॉर्म असतो, वजन असतं, बाकी सगळं प्रत्येक फॉर्मसाठी सारखंच. म्हणजे एकदा इलाज सापडला की तो सर्वांना चालतो.

इलाज म्हणजे आयझेनस्टाइनची वजन २ ची श्रेणी, ई२ = १ − २४(क्यू + ३क्यू² + ४क्यू³ + ७क्यू⁴ + …). इथे क्यू म्हणजे e^(2πiझ), आणि कंसातले सहगुणक म्हणजे १, २, ३, ४ यांच्या विभाजकांच्या बेरजा. ही श्रेणी स्वतः मॉड्युलर नाही, पण तिचा बिघाड अगदी त्याच जातीचा आहे. म्हणून डी(फ) − (व/१२)·ई२·फ हा पुन्हा मॉड्युलर होतो, वजन व+२ चा. इथे डी म्हणजे क्यूच्या न-व्या घाताच्या सहगुणकाला न ने गुणणं; एक स्थिर गुणक सोडला तर हेच आपलं विकलन. याला सेर डेरिव्हेटिव्ह म्हणतात. ई२ आणि वजन ४ व ६ च्या तशाच आयझेनस्टाइन श्रेणी ई४, ई६ यांच्या विकलनाची सूत्रं मात्र रामानुजनांनी १९१६ मध्येच दिली होती.

आता हे डेल्टाला लावा. डेल्टा = क्यू − २४क्यू² + … हा वजन १२ चा कस्प फॉर्म, म्हणजे क्यूच्या श्रेणीत स्थिर पद नसलेला मॉड्युलर फॉर्म; त्याच्या न-व्या घाताच्या सहगुणकाला टाऊ(न) म्हणतात. तेव्हा उत्तर वजन १४ चा कस्प फॉर्म हवा. तसा शून्याखेरीज एकही नाही! म्हणून डी(डेल्टा) = ई२ × डेल्टा. सहगुणक जुळवले की टाऊची किंमत आधीच्या किमतींवरून मिळते. टाऊ(१) = १. टाऊ(२) = −२४. पुढे २·टाऊ(३) = −२४(−२४ + ३) = ५०४, म्हणून टाऊ(३) = २५२. एम.एस्सी.ला असताना मी हे पहिल्यांदा हाताने केलं, आणि रामानुजनांच्या तक्त्यातला आकडा वहीत उतरलेला पाहून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. टाऊ(४) तुम्ही स्वतः काढा, −१४७२ यायला हवा.

ई२ न वापरताही काम होतं. व आणि म वजनांचे दोन फॉर्म फ आणि ज घेऊन व·फ·डी(ज) − म·ज·डी(फ) काढलं की दोघांची जास्तीची पदं एकमेकांना खाऊन टाकतात. हा रँकिन-कोहेन कंसांपैकी पहिला. रँकिनचं काम १९५६ चं, कोहेनचं १९७५ चं. ई४ आणि ई६ घातले तर वजन १२ चा कस्प फॉर्म मिळतो, म्हणजे डेल्टाचीच पट. किती पट? ई४ = १ + २४०क्यू + …, ई६ = १ − ५०४क्यू − …, तेव्हा क्यूचा सहगुणक पाहा: ४×(−५०४) − ६×२४० = −३४५६.