मार्टा ऊमेओला का गेली आणि पुढे त्या क्लबचं काय झालं?

प्रश्न असा आहे: ब्राझीलची फुटबॉलपटू मार्टा करिअरच्या ऐन सुरुवातीला स्वीडनमधल्या ऊमेओ नावाच्या कुठल्याशा लहान क्लबकडे का गेली? तिला मोठा क्लब मिळाला नाही का?

२००४ साली त्याहून मोठा क्लब नव्हताच. मार्टा तिथे पोचली तेव्हा ऊमेओ युरोपचा विजेता होता. लहान होतं ते गाव.

मी शिकायला म्हणून दोन वर्षं त्या गावात काढली आहेत. स्टॉकहोमच्या उत्तरेला सहाशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्या तीनेकशे किलोमीटर खाली. १८८८ साली गावाचा बराच मोठा भाग जळाला, तेव्हा पुढची आग पसरू नये म्हणून रस्त्यारस्त्याला बर्चची झाडं लावली. आजही त्याला बर्चचं शहर म्हणतात. डिसेंबरात दुपारी दोनला अंधारून येतं. अशा ठिकाणी अठरा वर्षांची, ब्राझीलच्या आलागोआसमधल्या उन्हातली मुलगी ऐन थंडीत उतरली, हे मला आजही भारी वाटतं.

क्लब १९१७ सालचा, महिलांचा संघ मात्र १९८५ पासून. तोवर स्वीडनमध्ये बायकांचं फुटबॉल चांगलं रुळलं होतं. १९७३ मध्ये पहिली अधिकृत राष्ट्रीय विजेती टीम ठरली ती ओक्साबेक या खेड्याची! १९८८ मध्ये देशभराची एकच अव्वल लीग सुरू झाली, डामऑलस्वेन्स्कान. ऊमेओनं ती पहिल्यांदा २००० साली जिंकली, मग २००१ आणि २००२. पुढची दोन वर्षं स्टॉकहोमच्या युरगोर्डेन/एल्व्हशोनं नेली आणि २००५ ते २००८ सलग चार वेळा पुन्हा ऊमेओ. एकूण सात.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पेठेची तालीम आणि तालमीचा संघ हे गणित आहे, त्यामुळे तिकडची रचना मला लगेच कळली. क्लब कुणा शेठचा नसतो, सभासदांचा असतो. वर्गणी भरायची, सभेला जायचं, मतदान करायचं, लहान पोरांच्या टीमला स्वतः गाडीतून मॅचला न्यायचं. ऊमेओत पैसा पुरवणारी पुरुषांची बडी टीम नव्हती. जी होती ती बायकांची टीम, आणि गावाला तिचंच कौतुक.

त्या संघात हान्ना युंगबेरी होती. २००२ च्या एका लीग हंगामात तिनं ३९ गोल केले. इटलीतल्या पेरुजा या पुरुषांच्या क्लबच्या मालकाला तर तिला थेट पुरुषांच्या संघात घ्यायचं होतं. ती गेली नाही, बरंच केलं. कर्णधार मालिन मूस्त्रम, आणि ती स्वीडनच्या संघाचीही कर्णधार.

युरोपात महिला क्लबांची स्पर्धा २००१-०२ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी ऊमेओ फायनलला पोचला आणि जर्मनीच्या फ्रँकफुर्टकडून २-० ने हरला. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या फोर्टुना योरिंगला दोन सामन्यांत मिळून ७-१. त्याच्या पुढच्या वर्षी समोर पुन्हा फ्रँकफुर्ट, आणि हिशेब असा चुकता केला की स्टॉकहोमला ३-०, मग फ्रँकफुर्टला जाऊन ५-०. या फायनलला मार्टा संघात होती आणि तिनं गोलही केले.

आता ती आली कशी ते. ब्राझीलमध्ये बायकांच्या फुटबॉलवर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारी बंदी होती. बंदी उठली तरी क्लब, लीग, पगार असं काही धड उभं राहिलं नव्हतं. अमेरिकेतली व्यावसायिक लीग सप्टेंबर २००३ मध्ये, वर्ल्ड कप पाच दिवसांवर आलेला असताना, गुंडाळली गेली. त्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडननं ब्राझीलला २-१ हरवलं; ब्राझीलचा एकमेव गोल पेनल्टीवर सतरा वर्षांच्या मार्टाचा. ऊमेओचे अध्यक्ष रोलांड आर्नक्विस्ट यांनी मग तिचा पत्ता काढलाच. पाच हंगाम ती तिथे खेळली, आणि फिफाचा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २००६, २००७, २००८ असा तीनदा ऊमेओची खेळाडू म्हणूनच घेतला.

उतार कुठून सुरू झाला? कागदोपत्री २००९ पासून, कारण अमेरिकेत नवी लीग आली आणि मार्टा लॉस एंजेलिसला गेली. पण गावातल्या लोकांना विचारलं तर ते २००७ चं नाव काढतात. एप्रिल महिना, इंग्लंडच्या आर्सेनलविरुद्ध युरोपियन फायनलचा पहिला सामना घरच्या गामलियावालेन मैदानावर. नव्वद मिनिटं गोल नाही. इंज्युरी टाइममध्ये आर्सेनलच्या अ‍ॅलेक्स स्कॉटनं लांबून फटका मारला आणि तो आत गेला. परतीचा सामना ०-०. संपलं! पुढच्या वर्षी पुन्हा फायनल, पुन्हा फ्रँकफुर्ट, आणि या वेळी २७ हजारांवर प्रेक्षकांसमोर ३-२ ने हार.

त्यानंतर पैशाचा रोख बदलला. जिथे पुरुषांचे श्रीमंत क्लब आहेत तिथे, म्हणजे इंग्लंड, फ्रान्स, स्पेनकडे, खेळाडू निघाल्या. स्वीडनमध्ये पैसा ओतून पाहिला तो तीरेसो या क्लबनं. मार्टाला आणलं, २०१४ च्या युरोपियन फायनलमध्ये २-० ने पुढे असताना जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गकडून ४-३ ने हरले आणि त्याच उन्हाळ्यात दिवाळं निघून लीगमधूनच बाद झाले. ऊमेओचं तसं झालं नाही, तो हळूहळू घसरला: २०१६ ला खालच्या श्रेणीत, २०२० ला वर आणि त्याच वर्षी परत खाली, २०२२ ला पुन्हा तेच. २००४ नंतर कुठल्याही स्वीडिश क्लबला युरोपचं विजेतेपद मिळालेलं नाही.

खेळाडू मात्र तिथून निघत राहिल्या. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेविरुद्ध चेंडू रेषेपलीकडे जेमतेम मिलिमीटरभर गेला आणि अमेरिका बाहेर पडली, ती शेवटची पेनल्टी आठवते? ती मारणारी स्वीडनची लीना हूर्तिग पाच हंगाम ऊमेओकडून खेळली आहे.

मी होते तेव्हा तिला बघायला काही शे लोक यायचे. कृत्रिम गवत, थर्मासमधली कॉफी, दालचिनीचे बन, आणि मे महिन्यातही मांडीवर ब्लँकेट. माझ्या शेजारी बसणारे एक आजोबा दर मॅचला हातमोजा काढून मैदानाच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "स्कॉट तिथे उभी होती." मार्टाबद्दल त्यांना काही विचारलं, की आधी हे ऐकावं लागायचं.