गाठ मोठी, चीर लहान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई विड्या वळते, वय ५२. पोट वाढतंय म्हणून सोनोग्राफी केली, तर अंडाशयावर १८ सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर दुर्बिणीने काढू म्हणतात. एवढी गाठ बोटभर छिद्रातून कशी निघेल? (अशोक चौक, सोलापूर)

ताई, गाठ पाण्याची असेल तर निघते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. ५ ते १० मिलिमीटरच्या तीन-चार छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारं आत जातात. सुटी केलेली गाठ पिशवीत घालून पिशवीचं तोंड पोटाबाहेर ओढतात, आतलं पाणी शोषून घेतात. मग छिद्र थोडं वाढवलं की पिशवी बाहेर येते.

पण माझा जीव अडकलाय तो वेगळ्याच गोष्टीत. गाठीत घट्ट भाग किंवा जाड पडदे आहेत का, पोटात पाणी झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बावन्नाव्या वर्षी हे आधी पाहायलाच हवं. कॅन्सरची शंका पडताळायला सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करा, मात्र तिच्या एकटीवर विसंबू नका. पोटाच्या क्षयरोगातही तो आकडा चढतो. कॅन्सरची शंका असेल आणि गाठ पोटात फुटली, तर पेशी पसरू शकतात आणि आजाराची पायरी वर जाते. अशा वेळी उभी चीर देऊन गाठ अखंड काढावी, असंच मी सांगेन. व्रण लहान राहावा म्हणून आईला हा धोका पत्करायला लावू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "गाठ फुटू नये म्हणून काय करणार?"

प्रश्न : गर्भाशयातल्या फायब्रॉइडचे (मांसल गाठीचे) यंत्राने तुकडे करून काढतात, ते घातक असतं का? (बार्शी)

फायब्रॉइड बहुधा निरुपद्रवी असतो, पण क्वचित तसाच दिसणारा सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, आत दडलेला असतो. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये या यंत्राबाबत इशारा दिला. तुकडे करायचेच असतील तर गाठ आधी वर सांगितली तशी बाहेरून आत घातलेल्या पिशवीत घेऊन तिथेच करावेत. पाळी गेल्यानंतर गाठ वाढत असेल तर तुकडे नकोतच.

प्रश्न : ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का दुखतोय? (मोहोळ)

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या वायूपैकी उरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या पडद्याला) त्रास होतो आणि तिथल्या नसेची कळ खांद्यात जाणवते. घरात हळूहळू चाला. दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं. ताप, धाप, सततची उलटी किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : बायकोचं दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलंय. खर्च झेपेल का? ती कारखान्यात चादरींचे गठ्ठे उचलते, कामावर कधी जाईल? (अक्कलकोट रोड)

दादा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांनी चालेल. गठ्ठे मात्र सहा आठवडे नकोत, पाण्याची भरलेली घागरही नको. बाहेरून टाके भरलेले दिसतात, आतली शिवण अजून कच्ची असते. मालकाला दाखवायला डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या.