रात्री काढून ठेवलेला पंप

इन्सुलिन पंप, म्हणजे त्वचेखाली बसवलेल्या बारीक नळीतून दिवसरात्र इन्सुलिन सोडणारे लहान यंत्र, बसवण्याचे ठरले की तरुण रुग्ण डॉक्टरांना खर्चाविषयी, मात्रेविषयी आणि आंघोळीविषयी विचारतात. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आल्यावर, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत आणि दार नीट लागले आहे याची खात्री करून, जो प्रश्न विचारला जातो तो निराळा असतो: चोवीस तास अंगाला नळी चिकटलेली असताना नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जवळ जायचे कसे? या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर सोपे आहे आणि ते पुढे येईलच. मात्र ते उत्तर देण्यापूर्वी समोरच्या माणसाने स्वतःपुरते कोणते उत्तर आधीच शोधून ठेवले आहे, हे विचारणे किती आवश्यक असते, ते मला फोंडा भागातल्या एका जोडप्यामुळे कळले.

गोवा लहान आहे. गाव आणि वाडा सांगितला की घर ओळखता येते. म्हणून दोघांच्या संमतीने लिहीत असले तरी मी त्यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. या प्रकारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिन बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नसते; गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि गोड सोडल्याने तो जातही नाही. सतरा वर्षे दिवसाला चार इंजेक्शने घेतल्यानंतर लग्नाच्या आठ महिने आधी तिने पंप लावला होता. लग्न ठरताना मुलाकडच्यांना सर्व सांगितले होते आणि त्यांनी ते समजून स्वीकारले होते. तरीही लग्नाला चौदा महिने झाले असताना तिच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवले, कारण तिची सकाळची साखर वरचेवर ३०० च्या आसपास येत होती, एकदा तर उलट्या होऊन लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडले की शरीरात साठणारी आम्लद्रव्ये) सापडले होते, आणि पंपाच्या नोंदींत मात्र कुठेही दोष दिसत नव्हता. ताणामुळे असे होत असेल का, एवढेच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचे होते.

पहिल्या दोन भेटींत ती नळीविषयी बोलली. पोटावरच्या चिकटपट्टीविषयी, झोपण्याच्या कपड्यांना अडकवलेल्या पंपाविषयी, साडी नेसल्यावर तो परकराच्या कमरेला खोचावा लागतो आणि वाकताना टोचतो याविषयी. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि डॉक्टरांकडे इंग्रजी बोलत ती वाढली होती, पण स्वतःच्या शरीराच्या जवळिकीसाठी तिच्यापाशी तिन्ही भाषांत शब्द नव्हते. ती प्रत्येक वेळी ‘ते’ एवढेच म्हणत असे. मी हा शरीराविषयीच्या संकोचाचा प्रश्न समजले आणि त्याच दिशेने बोलत राहिले. ती माझी चूक होती.

तिसऱ्या भेटीत मी तिला नेहमीची माहिती दिली. पंपाची नळी त्वचेवर चिकटवलेल्या सेटपासून सहज वेगळी करता येते, कॅन्युला, म्हणजे त्वचेखालचा बारीक तुकडा, आत तशीच राहते आणि नळीसह पंप बाजूला ठेवता येतो. साखर ठीक असेल तर साधारण तासाभरापर्यंत पंप काढून ठेवला तरी बहुतेकांना वेगळे इन्सुलिन घ्यावे लागत नाही; शरीरसंबंध हा शरीराच्या दृष्टीने श्रमच असल्याने त्या वेळी साखर उतरण्याकडेच कल असतो. मी हे सांगून संपवले, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “ताई, आणि चार-पाच तास काढून ठेवला तर?”

तिचा नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. तो ज्या रात्री घरी असे, त्या रात्री झोपायला येण्यापूर्वी ती न्हाणीघरात जाऊन पंप काढून कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवत असे आणि पहाटे तो जागा होण्यापूर्वी पुन्हा जोडत असे. पंप थांबवून ठेवला तर तो ठरावीक वेळाने आवाज करून आठवण देतो. म्हणून ती तो थांबवतही नसे. परिणामी इन्सुलिन साड्यांच्या घडीत थेंबाथेंबाने गळत राही आणि पंपाच्या नोंदीत मात्र ते शरीरात गेल्याचे दिसे.

पंप न वापरणाऱ्यांना यातले गांभीर्य कदाचित लक्षात येणार नाही. इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. पंपात फक्त जलद काम करणारे इन्सुलिन असते आणि ते दिवसरात्र थोडे थोडे जात असते. त्याला बेसल म्हणतात. ते बंद झाले की मागे साठा काहीच उरत नाही आणि काही तासांतच रक्तात कीटोन वाढू लागतात. दुसरा धोका त्याहून लपलेला होता. सकाळच्या चढलेल्या साखरा पाहून आणि पंपाच्या नोंदींवर विश्वास ठेवून डॉक्टरांनी रात्रीचे बेसल दोनदा वाढवले होते. नवऱ्याची रात्रपाळी असली की ती पंप लावूनच झोपे, आणि त्या रात्री हे वाढवलेले इन्सुलिन पूर्णपणे अंगात जाऊन मध्यरात्री तिची साखर उतरे. ती एकटीच उठून साखरपाणी पीत असे. एका घरातल्या लाजेमुळे डॉक्टरांच्या खोलीत चुकीचा निर्णय झाला होता, आणि तो निर्णय घेणाऱ्याला तसे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

इन्सुलिनची मात्रा हा माझा प्रांत नाही. मी तिला एवढेच म्हटले की ही गोष्ट आजच डॉक्टरांना कळली पाहिजे आणि ती तूच सांगायची आहेस. बोलणे जमणार नाही म्हणून तिने चार ओळी कागदावर लिहिल्या. डॉक्टरांनी तो कागद वाचला, बेसल कमी केले, चौदा दिवस साखर मोजणारा सेन्सर दंडावर लावला आणि कपाळाला एकही आठी न घालता पुढची तारीख दिली. त्यांचे हे वागणे मी मुद्दाम नोंदवते आहे, कारण रागावले जाण्याच्या भीतीने अशा गोष्टी वर्षानुवर्षे दडून राहतात.

पंप लपवावा असे तिला का वाटले, हे मात्र अजून उरले होते. तिचे म्हणणे असे की लग्नानंतर काही महिन्यांनी एका रात्री नवऱ्याचा हात नळीत अडकला आणि त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्यानंतर तो जवळ येईनासा झाला. आता खोलीत आल्यावर तो एकच प्रश्न विचारी, “साखर कितली?” आकडा ऐकला की पाठ फिरवून झोपे. त्याला किळस आली आहे आणि तो चांगला माणूस असल्यामुळे बोलत नाही, अशी तिची खात्री झाली होती.

तिच्या संमतीने मी त्याला प्रथम एकट्याला बोलावले. त्याने जे सांगितले त्याची सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, होती. रात्रीची पाने मांडलेली पाहून तिने भात, खतखते आणि मणगणे धरून बोलस, म्हणजे जेवणाआधीची मात्रा, घेतली होती. एवढ्यात वाड्यावरची मंडळी घुमटे घेऊन आरतीला आली. आरत्या रंगत गेल्या, जेवण तासभर लांबले आणि आलेल्यांसमोर उठून काही खाणे नव्या सुनेला प्रशस्त वाटले नाही. ती घामाने निथळली, असंबद्ध बोलू लागली. मोजली तेव्हा साखर ४६ होती. कोणी तिच्या तोंडात पेढा कोंबू पाहत होते. वास्तविक शुद्धीवर असलेल्या माणसाला अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. पेढ्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच न घालता रुग्णालय गाठावे लागते. “ती माझ्याकडे बघत होती, पण मी कोण ते तिला कळत नव्हते,” एवढे सांगताना तो थांबला.

पुढे एका रात्री, दोघे जवळ आल्यानंतर थोड्या वेळाने, तिची साखर ५८ झाली. तिच्या दृष्टीने ती किरकोळ बाब होती. त्याने मात्र मनाशी ठरवले की आपल्या इच्छेमुळे हिच्या जिवाला धोका होतो. नळीत हात अडकला त्या रात्रीविषयी विचारल्यावर तो म्हणाला, “आत सुई असते ना? ती ओढली गेली तर पोटात फाटेल असे वाटले.” सेट बसवताना सुई लगेच बाहेर काढली जाते आणि तिने वापरलेल्या सेटप्रमाणे बहुतेक सेटमध्ये आत फक्त सहा ते नऊ मिलिमीटरची मऊ प्लास्टिकची नळी उरते, हे त्याला चौदा महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. त्याने विचारलेही नव्हते. विचारले तर आपण घाबरलो आहोत हे तिला कळेल अशी त्याला भीती होती.

एकत्र भेटीत मी फारसे बोलले नाही. त्याने सुईची गोष्ट सांगितली आणि ती आधी हसली, मग रडली. तिने साड्यांच्या घडीची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि मग त्याने विचारले, “आणि मी रात्रपाळीला असताना तू एकटीच लो व्हायचीस?”

त्यानंतरच्या गोष्टी व्यवहाराच्या होत्या. दर तीन दिवसांनी सेट बदलताना आता तो शेजारी बसतो. पहिल्यांदा त्याचे हात थरथरले, नंतर जागा निवडणे तोच करू लागला. एकाच जागी वारंवार सेट लावला तर त्वचेखाली गाठी होतात आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही. पोटाऐवजी कमरेमागचा वरचा भाग काही वेळा वापरला तर जवळ येताना पट्टीही मध्ये येत नाही. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत पट्ट्या घामाने सुटतात, त्यासाठी वरून दुसरी पट्टी लावावी हे त्यांनी स्वतः शोधले. साखर मोजणे जेवणानंतर लगेच, स्वयंपाकघरात, दोघांनी मिळून करायचे असे ठरले. त्यानंतर खोलीत आकड्याचा प्रश्न निघत नाही. जवळ यावेसे वाटले तर ती एकदा सेन्सरकडे पाहते, साखर उतरत असेल तर काहीतरी खाते, पंप काढायचा की ठेवायचा ते तिच्या मनावर असते, आणि काढलाच तर तो उशाशी दिसेल असा ठेवून तिचा नवरा मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावतो. श्रमांचा परिणाम काही तासांनीही होऊ शकतो, म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहणे आणि उशाशी ग्लुकोज ठेवणे हेही त्यात आले. मुदतीचे आणि मात्रेचे हे हिशेब तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी घालून दिलेले आहेत. वाचकाने आपले आपल्या डॉक्टरांकडून घ्यावेत.

एक गोष्ट तिने सर्वांत शेवटी सांगितली. तिला वारंवार खाज आणि जळजळ होत असे आणि त्यामुळे संबंध वेदनादायक झाले होते. पंपाच्या औषधाचा हा परिणाम असावा, असे तिने धरले होते. रात्रभर चढलेल्या साखरेमुळे बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे हे मधुमेहात नेहमीचे आहे आणि ते उपचारांनी बरे होते. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुरुषांमध्येही वर्षानुवर्षे साखर अनियंत्रित राहिल्यास रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बाधित होऊन ताठरतेची अडचण येते. या अडचणीवरही उपाय आहेत, आणि त्यासाठीसुद्धा लोक फार उशिरा येतात.

सासूबाईंना पंप म्हणजे आजार शेवटच्या टप्प्याला गेल्याची खूण वाटत होती. मुलानेच त्यांना समजावले की दिवसाच्या चार सुयांऐवजी तीन दिवसांतून एकदा टोचावे लागते, एवढाच यातला फरक. यंदा चवथीला पाने मांडल्यावर त्यांनी सुनेला हाक मारून सांगितले, “आता घेऊ नकोस गं, आरतीवाले अजून देसायांकडे आहेत.”

तो अजूनही कधीतरी रात्री दचकून उठतो आणि तिचे कपाळ चाचपतो. ती ते होऊ देते. गेल्या महिन्यात दोघे माझ्याकडे आले ते मूल होऊ देण्याविषयी विचारायला. गर्भधारणेपूर्वी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावे असा सल्ला दिला जातो, तिचे ७.२ आहे. तो आकडा आपल्या वहीत त्याने लिहून घेतला, आणि डॉक्टरांची पुढची वेळ त्याच्या पाळीप्रमाणे ठरवण्यासाठी दोघे तिथेच बसून आठवड्याचे वार मोजू लागली.